वजनावर विकला जाणारा ठसा

औरंगाबादच्या छावणीतल्या गुरुवारच्या बाजारात, जुनं सामान पोत्यावर मांडून बसणाऱ्यांकडे तांब्याची कुठलीही वस्तू उचला. विक्रेता ती तुमच्या हातातून घेऊन आधी तळहातावर जोखतो. घंगाळाचा कान असो, बंबाची तोटी असो, जळालेल्या मोटारीच्या वाइंडिंगची तार असो की छापखान्यातला ब्लॉक, पहिला हिशेब किलोचा. त्यावर काय कोरलंय हे नंतर, आणि बऱ्याचदा गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघून.

या हिशेबात अलीकडे दुसरं गिऱ्हाईक शिरलंय. कॅफेवाले, बुटीक हॉटेलवाले, घराच्या दिवाणखान्यात ‘काहीतरी जुनं’ हवं असलेले हौशी लोक छपाईचे तांब्याचे पत्रे चौकटीत बसवायला मागतात. युरोप-अमेरिकेत हा छंद मुरलेला आहे. आपल्याकडे मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार आणि छावणीसारखे आठवडी बाजार ही त्याची ठिकाणं. माल थोडा, मागणी वाढती, आणि माहिती जवळपास शून्य; त्यामुळे कशालाही ‘व्हिंटेज कॉपर प्लेट’ म्हणून खपवता येतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. तांब्याच्या ठशाचा सगळ्यात मोठा शत्रू त्याचं तांबंच आहे. भंगारवाला तो वितळवतो, सजावटवाला घासून चकचकीत करतो. दोघांनाही धातूच दिसतो. हा पत्रा कधीकाळी काय छापत होता ते ज्याला वाचता येतं, त्यालाच त्याची खरी किंमत करता येते.

वाचायचं म्हणजे आधी जात ओळखायची. बाजारात एकाच नावाखाली चार-पाच वेगळ्या वस्तू फिरतात. सगळ्यात जुनी आणि सगळ्यात दुर्मीळ जात म्हणजे हाताने कोरलेला किंवा आम्लाने खोदलेला पत्रा. यात रेघ खाली असते. खोलगट रेघेत शाई भरायची, वरचा पत्रा पुसून कोरडा करायचा, ओलसर कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचा, की कागद रेघेतली शाई उचलतो. दुसरी जात नेमकी उलट: यात छापायचा भाग वर उठलेला असतो आणि बाकीचं आम्लाने खाऊन खाली गेलेलं असतं. जुन्या मराठी मासिकांतले फोटो ज्यातून छापले ते हाफटोन ब्लॉक या जातीचे. तिसरी इलेक्ट्रोटाइप: मूळ ठशाच्या साच्यावर विजेने चढवलेला तांब्याचा पातळ पापुद्रा, आणि त्यामागे ओतलेलं शिसं. दिसायला तांबं, हाताला भलतंच जड. याशिवाय लग्नपत्रिकेवर सोनेरी छाप उमटवायचे पितळी डाय, आणि तांबं म्हणून विकले जाणारे पण मुळात जस्ताचे लाइन ब्लॉक. छावणीत जे पोत्यावर येतं त्यातलं बरंचसं या शेवटच्या प्रकारातलं असतं. लग्नपत्रिकेचा गणपती, कलश, सनईवाले, एखाद्या विडी किंवा चहाच्या जाहिरातीचा तुकडा. शाईच्या थराने सगळेच काळे, त्यामुळे तांबं की जस्त हे वरून कळत नाही.

आता आपल्या मुलखाकडे. कोरीव तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली वेरूळची लेणी जगाने १८०३ साली पाहिली. लंडनला थॉमस डॅनियलने वेरूळच्या लेण्यांची चोवीस दृश्यं असलेला चित्रसंग्रह काढला. त्याच्या लांबलचक इंग्रजी नावात औरंगाबादचाही उल्लेख आहे. मूळ रेखाटनं डॅनियलची नव्हती, ती जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराची. वेल्स १७९० नंतर पुण्यात, इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेटच्या आश्रयाने राहिला. सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची त्याने काढलेली चित्रं अनेकांनी पुस्तकांत पाहिलेली असतात. वेरूळची रेखाटनं करून झाल्यावर थोड्याच काळात, १७९५ साली, तो वारला आणि त्याचे कागद डॅनियलच्या हाती गेले. डॅनियलने ते ॲक्वाटिंट पद्धतीने तांब्यावर उतरवले. राळेची बारीक भुकटी पत्र्यावर पसरून, ती तापवून चिकटवून, मधल्या सूक्ष्म जागा आम्लाने खाऊ द्यायच्या, म्हणजे छपाईत जलरंगासारखी सावली येते. कैलास लेण्याच्या कातळाची करडी छटा त्या चित्रांत आहे ती या राळेमुळे.

पण या गोष्टीतलं माझं आवडतं पात्र वेल्स नाही. मॅलेटच्या पदरी गंगाराम चिंतामण नवगिरे-तांबट नावाचा पुण्याचा चित्रकार होता. वेल्स यायच्या आधीपासून तो मॅलेटसाठी चित्रं काढत होता. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडाही त्याने रेखाटला. तो वेरूळला गेला, लेण्यांची मापं आणि आकृत्या घेऊन आला. मॅलेटने ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सहाव्या खंडात वेरूळचं वर्णन छापलं, त्यासोबतची चित्रं गंगारामच्या रेखाटनांवरून केलेली. त्याची मूळ चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला संग्रहालयात आहेत. आडनावच तांबट. हंडे-कळशा ठोकणाऱ्या जमातीतला एक माणूस वेरूळची लेणी कागदावर आणतो आणि मग ती लंडनमध्ये तांब्यावर चढतात, हा योग कादंबरीकाराला सुचला असता तर संपादकाने खोडला असता.

मॅलेटच्या याच गोतावळ्यातून मराठी मुलखातल्या छपाईचा एक वेगळाच धागा निघतो. नाना फडणवीसांच्या मनात भगवद्गीता छापायचं होतं, आणि त्यासाठी इंग्रजांकडे तयार झालेला एक तांबट तांब्याच्या पत्र्यांवर देवनागरी अक्षरं उलटी कोरायला बसला. पुण्याच्या राजकारणात उलथापालथ झाली, १८०० साली नाना गेले आणि काम अर्धवट राहिलं. कारागीर मिरजेला गेला. तिथे गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ साली ती गीता छापून पुरी झाली. अ. का. प्रियोळकरांनी भारतातल्या मुद्रणाचा इतिहास लिहिताना या मिरजेच्या गीतेला जे महत्त्व दिलं ते योग्यच होतं. सुटे खिळे ओतून देवनागरी जुळवायचा खटाटोप त्या काळी इतर ठिकाणी चालू असताना, इथे एका तांबटाने आपल्याला येत होतं तेच केलं: पत्रा घेतला आणि अख्खं पान कोरलं. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरं, सगळं आरशातल्यासारखं. खिळा जुळवण्यात देवनागरीची जी अडचण होते ती कोरण्यात होतच नाही. हाताला जोडाक्षर आणि साधं अक्षर सारखंच. पण असा एक पत्रा म्हणजे एकच पान, आणि पुढच्या पुस्तकाला त्यातलं एक अक्षरही उपयोगी नाही. ती वाट पुढे गेली नाही यात नवल नाही. १८१० नंतरच्या दशकात मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी खिळ्यांवर मराठी छापायला घेतलं, आणि पाठोपाठ शिळाप्रेस आला. पुस्तकाच्या मजकुरातून तांबं बाहेर पडलं.

तांब्यावर छपाई करायचीही मर्यादा असते. धातू मऊ. कोरीव पत्र्यावरून काही शे ते फार तर एक-दोन हजार चांगल्या प्रती निघतात, ॲक्वाटिंटमधून त्याहून कितीतरी कमी. पुसून पुसून बारीक दाणा झिजतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तांब्यावर विजेने लोखंडाचा पातळ थर चढवायची युक्ती निघाली तेव्हा कुठे हे आयुष्य वाढलं. म्हणून जुन्या पत्र्याचा चेहरा बघून त्याने किती काम केलंय याचा अंदाज घेता येतो. रेघांच्या कडा गोल झाल्या असतील, सावलीचे भाग टक्कल पडल्यासारखे दिसत असतील, तर तो थकलेला पत्रा. काही पत्र्यांवर आडव्यातिडव्या जाड रेघा मारलेल्या असतात. यापुढे कुणी प्रत काढू नये म्हणून मालकाने पत्रा रद्द केल्याची ती खूण. पाश्चात्त्य संग्राहक अशा पत्र्यालाही नाकं मुरडत नाहीत.

छावणीतच अशी एखादी छोटी कोरीव चीज निघू शकते, असं मला नेहमी वाटतं. हैदराबाद कंटिंजंटची ही जुनी छावणी. गोरे अधिकारी एकमेकांकडे भेटीला जाताना ठेवायचे ते भेटकार्ड त्या काळच्या रिवाजाप्रमाणे तांब्यावर कोरलेल्या पत्रीवरूनच छापलेलं असावं लागे. खिळ्यांनी छापलेलं कार्ड कमी प्रतीचं मानत. दोन-तीन इंचांची पत्री, त्यावर तिरप्या वळणदार इंग्रजीत नाव, कधी पलटणीचं नाव. साहेब बदलून गेला की ती पत्री बरोबर नेई किंवा टाकून देई. भिंतीवर लावायला ती निरुपयोगी, म्हणून सजावटवाल्यांच्या नजरेत येत नाही. हाती आली तर सोडू नका.

एरवी औरंगाबादच्या छपाईचा मोठा हिस्सा दगडावरचा. निजामाच्या राज्यात उर्दूला राजमान्यता, आणि उर्दू खिळ्यांपेक्षा कातिबाच्या हाताची जास्त शोभे. कातिब खास कागदावर खास शाईने लिही, ते अक्षर शिळेवर उतरे. मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दूचं कार्यालय याच शहरात चालवलं, १९२१ पासून ‘उर्दू’ हे त्रैमासिक इथूनच काढलं. पुढे १९३० च्या दशकात अंजुमन दिल्लीला गेली. अशा शहरात तांब्याचा ब्लॉक लागे तो बहुतेक फोटोपुरता. त्यामुळे इथल्या बाजारात उर्दू मजकुराचा तांब्याचा पत्रा कुणी ‘निजामकाळातला’ म्हणून पुढे केला तर मी आधी दोन पावलं मागे सरतो.

दगडाची गत तांब्याहून बरी होती असंही नाही. शिळेवरचं काम संपलं की ती वाळूने घासून पुन्हा कोरी करत. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली घाटकोपरला निघाला, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, घराघरांत त्याची लक्ष्मी-सरस्वती पोचली, आणि १९७२ मध्ये तो जळाला. त्यातून वाचलेल्या शिळा आज संग्राहकांकडे मानाच्या. तिथेही वस्तू वाचली ती तिच्या ओझ्यामुळे, कौतुकामुळे नव्हे. दगड वितळवून पैसे होत नाहीत.

खरा भरणा आहे तो हाफटोनच्या काळातला, आणि मराठी माणसाने या ठशांकडे बघायचं कारणही तिथेच आहे. १८८० च्या दशकात युरोप-अमेरिकेत ही पद्धत पक्की झाली. फोटो एका बारीक जाळीच्या काचेतून पुन्हा टिपायचा, म्हणजे त्याचे लहानमोठे ठिपके होतात. ते ठिपके तांब्यावर उतरवायचे. पत्र्यावर माशाच्या सरसात अमोनियम बायक्रोमेट मिसळून थर द्यायचा, त्यावर निगेटिव्ह ठेवून प्रकाश द्यायचा. प्रकाश लागला तिथला सरस टणक होतो, बाकीचा पाण्याने जातो. मग पत्रा भट्टीवर धरायचा, सरस भाजून तपकिरी मिन्यासारखा होतो, आणि फेरिक क्लोराइड मधल्या जागा खाऊन टाकतं. जस्ताला नायट्रिक ॲसिड, म्हणजे कामगारांच्या भाषेत तेजाब. भारतात या कामात सर्वांत खोल गेलेला माणूस म्हणजे कोलकात्याचे उपेंद्रकिशोर रायचौधुरी, सत्यजित राय यांचे आजोबा. ‘पेनरोज ॲन्युअल’ या लंडनच्या मुद्रण-वार्षिकात त्यांचे हाफटोनवरचे लेख छापून आले.

मराठीत या पद्धतीने नियतकालिकांचं रूपच बदललं. का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’चा १९०९ चा दिवाळी अंक, पुण्याच्या चित्रशाळेचं १९१० साली निघालेलं ‘चित्रमयजगत्’, १९२० पासूनचं ‘किर्लोस्कर’. पुढे १९४५ मध्ये दीनानाथ दलालांनी ‘दीपावली’ सुरू केला आणि तिरंगी-चौरंगी छपाई ही मराठी वाचकाची दिवाळीची अपेक्षाच होऊन बसली. रघुवीर मुळगावकरांच्या चित्रांनी ती अपेक्षा आणखी वाढवली. अशा प्रत्येक चित्रामागे तीन किंवा चार ब्लॉक असत: पिवळा, तांबडा, निळा, आणि हवा तर काळा. प्रत्येकाची जाळी वेगळ्या कोनात फिरवलेली, नाहीतर ठिपके एकमेकांवर बसून चित्रात चौकटी दिसू लागतात. ब्लॉकमेकर चौरस इंचावर पैसे लावी, लहान ब्लॉकला किमान आकार वेगळा. संपादक चित्राचं माप कमी करायला का बघत, ते या दरात आहे.

तांबं कुठे वापरायचं आणि जस्त कुठे, याचाही हिशेब कागदावर ठरे. वर्तमानपत्राच्या खरखरीत कागदाला इंचाला पन्नास-साठ रेघांची जाड जाळी पुरे, ती जस्तावर भागे. आर्ट पेपरवर छापायचं तर इंचाला १२० ते १५० रेघांची बारीक जाळी, आणि तो बारीक ठिपका तांबंच नीट धरून ठेवतं. म्हणून तुमच्या हातातला पत्रा खरोखर तांब्याचा हाफटोन असेल तर एवढं नक्की समजा की ते चित्र कुणीतरी जास्तीचे पैसे मोजून चांगल्या कागदावर छापलं होतं. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ, संस्थेची स्मरणिका, कारखान्याचा कॅटलॉग, गौरवग्रंथातलं पानभर छायाचित्र. भिंग लावून एका इंचातल्या ठिपक्यांच्या ओळी मोजल्या की निम्मी ओळख पटते. दुकानदाराच्या गोष्टीपेक्षा भिंगावर विश्वास ठेवावा.

माझ्या टेबलावर एक असा ब्लॉक आहे, छावणीतूनच घेतलेला. सागवानी ठोकळा, त्यावर दीडेक मिलिमीटर जाडीचा पत्रा, कडेला तिरप्या खाचेत ठोकलेले बारीक खिळे. ठोकळा आणि पत्रा मिळून उंची साडेतेवीस मिलिमीटरला जराशी कमी, म्हणजे बरोबर टाइपाइतकी. एकाच फर्म्यात मजकूर आणि चित्र एका पातळीवर यावेत म्हणून. ठोकळ्याच्या तळाला एका कोपऱ्यात कागदाच्या घड्या चिकटवलेल्या आहेत. त्या कोपऱ्याचा छाप फिका येत असणार, म्हणून मशीनमनने तो उचलून घेतला. लाकडाच्या बाजूला निळ्या पेन्सिलीने लिहिलेला क्रमांक. चित्रात फेटा बांधलेला, मिशा असलेला एक गृहस्थ, छातीपर्यंत, लंबगोलात. शाईने काळा पडलेला पत्रा सरळ बघितला तर चेहरा दिसतो, फक्त उपरण्याची बाजू उलटी. उजेडाकडे तिरपा धरला की तोच चेहरा निगेटिव्हसारखा होतो, मिशा पांढऱ्या.

घासणारे लोक इथेच मार खातात. हाफटोनमध्ये जो भाग काळा छापायचा तोच वर उठलेला असतो. त्याच्यावरची जुनी शाई आणि भाजलेल्या सरसाचा तपकिरी थर काढून पत्रा चकचकीत केला की नेमके काळे भाग लखलखतात आणि माणसाचं भूत होतं. शहरातल्या एका हॉटेलच्या लॉबीत अशी एक रांग मी पाहिली. सुंदर चौकटी, मागे दिवे, आणि एकाही चेहऱ्याची ओळख पटत नाही. पितांबरी देव्हाऱ्यातल्या तांब्यापंचपात्राला ठीक आहे. चिंच-मीठ तर अजिबात नको. मिठातला क्लोराइड खाचांत राहतो आणि पुढच्या पावसाळ्यात हिरवे फोड धरतो. धूळ मऊ ब्रशने, जुनी शाई थोड्या रॉकेलने आणि सुती चिंधीने, इतकंच. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत तांबं आपसूक गडद तपकिरी होतं आणि तसंच टिकतं. जंगाल चढायची भीती कोकणात आणि मुंबईत जास्त. चित्र उठून दिसावं असं वाटत असेल तर पत्र्यावर थोडी टाल्कम पावडर चोळून वरची पुसून घ्यावी. खाचा पांढऱ्या होतात, ठिपके गडद राहतात, चेहरा परत येतो. नको वाटली तर ब्रशने निघते.

लाकूड काढून नुसता पत्रा चौकटीत बसवायची फॅशन त्याहून वाईट. तळाच्या कागदी घड्या, पेन्सिलीचा क्रमांक, ठोकळ्यावर उमटलेलं एखाद्या ब्लॉकमेकरचं नाव, हे सगळं लाकडावर असतं. तो पत्रा कोणत्या छापखान्यातून आला हे सांगणारा एकमेव कागद म्हणजे ते लाकूड. विक्रेते मात्र ते उपटून काढतात, कारण तांब्याच्या वजनात लाकूड धरलं तर गिऱ्हाईक भांडतं.

वजनाचा हिशेब करूनच बघू. दहा बाय पंधरा सेंटिमीटरचा पत्रा, जाडी १.६ मिलिमीटर, म्हणजे चोवीस घन सेंटिमीटर तांबं, सव्वादोनशे ग्रॅमला थोडं कमी. मोडीचा भाव किलोला आठशे रुपये धरला तर त्याचे पावणेदोनशे रुपयेही होत नाहीत. त्याच मापाच्या जस्ताचे याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. छापखाने ऑफसेटवर गेले तेव्हा ब्लॉकची कपाटं रिकामी झाली, आणि या दोन आकड्यांनीच कुणी कुठे जायचं ते ठरवलं. तांबं त्याच आठवड्यात भट्टीत गेलं. जस्ताला कुणी फारसं विचारलं नाही, म्हणून ते माळ्यावर पडून राहिलं आणि आज पोत्यावर येतं. दलाल-मुळगावकरांच्या तिरंगी चित्रांपेक्षा लग्नपत्रिकेचे गणपती जास्त सापडतात यामागे लोकांची आवडनिवड नाही, धातूबाजार आहे.

ही काही एकट्या महाराष्ट्राची कहाणी नाही. अमेरिकेतल्या पक्ष्यांचं ऑड्यूबॉनने केलेलं अजस्र पुस्तक घ्या. ४३५ चित्रं, प्रत्येकाला तांब्याचा मोठा पत्रा, कोरणारा मुख्यतः लंडनचा रॉबर्ट हॅवेल. ऑड्यूबॉनच्या मागे ते पत्रे त्याच्या विधवेने मोडीत विकले आणि कनेटिकटमधल्या अन्सोनियाच्या तांब्या-पितळेच्या कारखान्यात भट्टीपुढे आले. कारखान्याच्या व्यवस्थापकाचा चौदा वर्षांचा मुलगा चार्ल्स कोल्स तिथे उभा होता. काळवंडलेल्या पत्र्यावर त्याला पक्ष्याचा पाय दिसला. त्याने आरडाओरड केली म्हणून ऐंशीच्या आसपास पत्रे उरले. पॅरिसच्या लूव्रने आणि रोमच्या सरकारी संग्रहाने कोरीव पत्रे मुद्दाम जपले. लूव्रच्या ठेव्यात ते तेरा हजारांवर आहेत आणि त्यांतल्या काहींवरून आजही प्रती काढून विकल्या जातात. रेम्ब्रांचे ऐंशीएक पत्रे शिल्लक आहेत, तेही हातोहात विकले जाऊन, त्यांवर पुन्हापुन्हा छापून.

या उदाहरणांपुढे सजावटीच्या बाजाराला मी सरसकट नावं ठेवणार नाही. भंगारवाला पावणेदोनशे देत असेल आणि चौकटवाला हजार देत असेल, तर पत्रा भट्टीत जायचा टळतो हे मान्य करावं लागतं. माझी तक्रार वेगळी आहे. चार रंगांचा संच आला की विक्रेता तो फोडतो. चौघांना एकेक पत्रा विकून जास्त पैसे मिळतात, आणि घेणाऱ्यालाही एकच हवा असतो. त्यातही पिवळ्याचा पत्रा फिका, अस्पष्ट दिसतो म्हणून तो मागे राहतो आणि शेवटी मोडीत जातो. पिवळा गेला की ते चित्र परत कधीच छापता येत नाही. संच दिसला तर सगळा घ्या, नाहीतर सगळा सोडा. कोपऱ्यांतल्या अधिक चिन्हांच्या खुणा आणि पाठीवरचं रंगाचं अक्षर बघून भाऊबंद ओळखता येतात.

खोट्या मालाचं म्हणाल तर त्याचीही आता चलती आहे. सोनेरी फॉइलच्या छपाईसाठी तांब्याचे, पितळेचे, मॅग्नेशियमचे नवे ब्लॉक आजही रोज तयार होतात. त्यांतला एखादा आम्लाच्या वाफेवर धरून, माती चोळून जुना करणं अवघड नाही. काही कसोट्या मात्र फसवायला कठीण जातात. छपाईचा ठसा उलटा वाचला पाहिजे, आरसा धरा. सरळ वाचता येणारा पत्रा नावाची पाटी असेल, शोभेची वस्तू असेल, छपाईचा नाही. पाठीवर बारीक रेघ ओढून बघा: लालसर निघाली तर तांबं, निळसर पांढरी तर जस्त, आणि नखाने ओरखडा उठला तर शिसं, म्हणजे इलेक्ट्रोटाइप. शिशाचा पत्रा हाताळल्यावर हात धुवावेत. त्याचा ट्रे किंवा चहाचे कोस्टर करायची कल्पना तर मुळीच नको; अशा कोस्टरवर लिंबू-सरबताचा पेला ठेवणाऱ्यांची मला काळजी वाटते. शेवटची कसोटी म्हणजे थकवा: खरा ठसा काम करून झिजलेला असतो आणि झीज सगळीकडे सारखी नसते. मध्यावर कमी, कडांना जास्त.

ठशाची प्रत काढून ठेवणं हे मला चौकटीपेक्षा महत्त्वाचं वाटतं. उठावाचा ब्लॉक असेल तर अजून ट्रेडल चालवणारा एखादा पत्रिकावाला गाठावा, दहा मिनिटांचं काम. तोही नसेल तर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने घासून घ्या. जाड जाळीचं चित्र त्यातही बऱ्यापैकी येतं. कोरीव पत्र्याला मात्र एचिंगचं दाबयंत्र लागतं, ते कला महाविद्यालयांच्या मुद्राचित्रण विभागात असतं. प्रत आणि पत्रा शेजारी शेजारी लावले तर भिंतीवर काय टांगलंय ते पाहुण्यालाही कळतं. आणि त्या प्रतीवरून जुने अंक चाळता येतात. एखाद्या ग्रंथालयाच्या बांधीव खंडात तेच चित्र सापडलं, तर अंक, महिना आणि वर्ष तिन्ही हाती येतात. वस्तूचा भाव तिथून खऱ्या अर्थाने वर जातो.

कायद्याचं भान सुटू नये म्हणून दोन गोष्टी. मराठवाड्यात, विशेषतः पैठणच्या बाजूने, जुने ताम्रपट म्हणून पत्रे फिरतात. दानाचा ताम्रपट सरळ वाचायचा असतो, त्याला कडी ओवायचं भोक असतं, आणि तो खरा असेल तर ती पुरातन वस्तू आहे. जमिनीत सापडला असेल तर शासनाला कळवणं बंधनकारक. छपाईच्या पत्र्याशी त्याचं नातं फक्त धातूचं. दुसरी गोष्ट १९७२ च्या पुरावशेष कायद्याची: शंभर वर्षं ओलांडलेली कलाकुसरीची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. ‘मनोरंजन’ आणि ‘चित्रमयजगत्’च्या सुरुवातीच्या वर्षांतले ब्लॉक ती रेषा ओलांडून गेले आहेत, १९२० च्या दशकातले एकेक करून ओलांडत आहेत. वेरूळ बघायला आलेल्या परदेशी पाहुण्याला असा पत्रा आठवण म्हणून देण्याआधी त्याच्या तारखेची चौकशी करावी, आणि ती कळत नसेल तर त्याला गुरुवारी छावणीत नेऊन जस्ताचा गणपती घेऊन द्यावा.